आल्याचा गड्डा आणि अमेरिकेतला मामा

सुमनवहिनींचा फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो. एरवी त्या आधी माझ्या गुडघ्याची चौकशी करतात, मग मुलीची, आणि मग सांगायचं ते सांगतात. त्या दिवशी नुसतं म्हणाल्या, "भावजी, ह्यांनी लय गडबड केली बघा..." पुढचं काही सांगावं लागलं नाही. मी तोंड पुसलं, शर्ट अडकवला आणि साताऱ्याहून रहिमतपूरची एसटी धरली. एका गालाची दाढी झाली आहे आणि दुसऱ्याची राहिली आहे, हे मला स्मशानात कळलं. तेही तिथं आलेल्या स्टँडवरच्या चहावाल्यानं माझ्याकडे टक लावून बघत सांगितलं, "सायेब, पेंटर असते तर आज तुमी सुटला नसता." शेजारचे दोघंतिघं फिसकन हसले. मग मीही हसलो, आणि आम्ही तिथंच बाजूला सरून बराच वेळ हसत आणि डोळे पुसत उभे राहिलो. दत्तू पेंटरला निरोप द्यायची दुसरी रीत आमच्यापैकी कुणालाच येत नव्हती.

दत्तात्रय हे नाव त्याच्या आधारकार्डावर होतं, बाकी सगळीकडे तो दत्तू पेंटर. रहिमतपूरच्या एसटी स्टँडजवळ त्याचं दुकान. दुकान म्हणजे एक शटर, एक बाकडं आणि टर्पेंटाइनचा वास. दुकानांच्या पाट्या, शाळेच्या भिंतीवरचे सुविचार, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीमागचं 'आई-वडिलांची कृपा', निवडणुकीतली सगळ्या पक्षांची चिन्हं, हे सगळं त्यानं रंगवलं. फ्लेक्स आले तेव्हा भागातल्या बाकीच्या पेंटरांनी दुकानं बंद केली. हा बसून राहिला. "फ्लेक्सवर माणसाचा फोटो येतो गड्या, माणूस येत न्हाई," असं म्हणायचा, आणि हे म्हणताना फ्लेक्सवरच्या एखाद्या युवा नेत्याच्या मिशीकडे अशा नजरेनं बघायचा, की मला पुढच्या आठवड्याचं व्यंगचित्र तिथंच दिसायला लागायचं. कारण पाट्या हा त्याचा धंदा असला, तरी जीव व्यंगचित्रात होता. मी साताऱ्यातून एक साप्ताहिक काढतो. त्यात तीस वर्षं दर आठवड्याला दत्तूचं चित्र आलं. तो स्वतः चित्र घेऊन एसटीनं यायचा, आम्ही त्याची प्रत करून घ्यायचो, आणि मूळ चित्र तो पुन्हा गुंडाळून परत न्यायचा. एकदाही त्यानं मूळ चित्र आमच्याकडे ठेवलं नाही. त्याचं कारण पुढं सांगतो.

आमची गाठ सांगलीत पडली. मी बी. ए. करत होतो आणि हा चित्रकलेच्या शिक्षकाचा कोर्स. भरमूआण्णा नावाच्या एका जैन हळद व्यापाऱ्याच्या घरी, गोदामाच्या मागच्या खोलीत आम्ही दोघं राहायचो. आमच्या कपड्यांना, पुस्तकांना, उशांना हळदीचा वास असायचा. वर्गातल्या मुली आम्हाला 'नवरदेव' म्हणायच्या. जेवण आण्णांच्याच घरी, पण अट एकच होती : दिवस मावळायच्या आत पानावर बसायचं, नाही तर उपाशी. त्यामुळं कॉलेजातल्या कुठल्याही भानगडीत आम्ही संध्याकाळी सहानंतर कधी सापडलो नाही, हे आण्णांचे आमच्यावरचे उपकार.

एका सुट्टीत आण्णांनी आम्हाला माळा साफ करायला लावला. तिथं एक जुनं टेबल होतं. महाबळेश्वरच्या कुठल्याशा बंगल्यातलं सामान निघालं तेव्हा आण्णांच्या आजोबांनी ते आणलेलं. त्याच्या खणात एक जाडजूड बांधीव पुस्तक सापडलं. शंभर वर्षांपूर्वीच्या एका अमेरिकन नियतकालिकाचे अंक एकत्र बांधलेले होते. पानं तांबूस पडलेली, पण आतली चित्रं मात्र रंगीत आणि टवटवीत. उंच काळी टोपी घातलेले, पोटं सुटलेले, सिगार ओढणारे उद्योगपती, आणि त्यांच्या जाकिटाच्या खिशातून डोकावणारे चिमुकले आमदार-खासदार. कायदेमंडळाची सभा भरली आहे आणि मागं भिंतीला टेकून पैशांच्या थैल्यांसारखे ढेरपोटे शेठ उभे आहेत, असं एक चित्र. दात दाखवत सोटा घेऊन निघालेला एक चष्मेवाला अध्यक्ष. दत्तू त्या माळ्यावर धुळीत मांडी घालून बसला तो उठेचना. खालून आण्णांची हाक आली, "आरं, दिवस मावळाय लागला, जेवायचं हाय का न्हाई?" त्यावर हा वरूनच ओरडला, "आण्णा, अमेरिकेत तुमच्यावाणी दिसणारं लय जण हायत!"

आण्णा शिडी चढून वर आले, चष्मा लावला आणि त्या ढेरपोट्या शेठला नीट न्याहाळून म्हणाले, "माझ्यापुढं हे काय न्हाई रं. ह्याचं पोट ल्हान काढलंय." पुस्तक त्यांनी दत्तूला देऊन टाकलं. त्या शेठचं नाव आम्ही त्या दिवसापासून 'मामा' ठेवलं.

दत्तूचं इंग्रजी पाटीवरच्या 'फाइन आर्ट'पुरतं होतं. त्यामुळं चित्राखालचा मजकूर वाचायचं काम माझ्याकडे. पण तो लगेच वाचू द्यायचा नाही. "थांब, सांगू नगं," म्हणायचा. आधी चित्र झाकून ठेवल्यासारखा डोळे मिटून बसायचा, मग उघडून, आधी मामा काय करतोय ते सांगायचा, मग मामानं कुणाचं काय खाल्लंय ते, मग त्यात चोर कोण. सगळं सांगून झाल्यावर मी मजकूर वाचायचा. त्याचं बरोबर आलं तर चित्र पास. मजकूर वाचल्याशिवाय कळलं नाही तर चित्र नापास, मग ते काढणारा अमेरिकेतला कितीही मोठा असो. त्या चित्रकारांची एक खोड त्याला सुरुवातीला अजिबात आवडायची नाही. ते प्रत्येक वस्तूवर तिचं नाव लिहायचे. पोटावर 'तेल', टोपीवर 'रेल्वे', काठीवर 'कायदा'. दत्तू चिडायचा. "पोट दिसतंय की, वर पाटी कशाला?" पुढं स्वतः पाट्या रंगवायला लागल्यावर त्याचं मत बदललं. रस्त्यावरून जाणाऱ्या माणसाकडे थांबायला किती कमी वेळ असतो, हे त्याला तेव्हा कळलं असावं.

त्या पुस्तकात एक ऑक्टोपस होता. गोल टाकीसारखं धड, आणि आठ हात, त्यातला एक विधानभवनाला विळखा घालून बसलेला, दुसरा कारखान्यांना, तिसरा आगबोटींना. दत्तूला ते चित्र एवढं आवडलं, की कोर्स संपवून गावी आल्यावर पहिल्यांदा त्यानं तेच काढलं. बाजारच्या दिवशी दुकानाबाहेर एक फळी उभी करून त्यावर चित्र लावायचं, ही त्याची पद्धत तेव्हापासूनची. त्या फळीवर त्यानं गावातल्या एका बड्या असामीचा ऑक्टोपस केला. मोठ्या मेहनतीनं आठ हात रंगवले, प्रत्येक हातात एकेक संस्था दिली, आणि लोक काय म्हणतात ते ऐकायला शटरच्या आड उभा राहिला. मी त्या दिवशी मुद्दाम साताऱ्याहून आलो होतो.

पहिला माणूस थांबला. बैलगाडीच्या चाकाला वंगण घालून हात काळे झालेला एक शेतकरी. त्यानं मान वाकडी करून बघितलं आणि जोडीदाराला म्हणाला, "आल्यावर काढलंय. लय झ्याक हाय!" दुसरा म्हणाला, "व्हय की. गड्डा बघ कसला फुटलाय. बियाण्याला चांगला हाय." हा हा म्हणता तिथं गर्दी जमली आणि आल्याच्या भावावर चर्चा सुरू झाली. कुणी विचारलं, ही जात कुठली, कुणी म्हणालं, कोरेगाव बाजूला असले गड्डे निघतात. ज्या असामीवर चित्र होतं तिचे दोन कार्यकर्तेही येऊन बघून गेले, आणि जाताना म्हणाले, "पेंटर, शेतकऱ्याच्या प्रश्नावर काढता, ते बरं करता." दत्तू शटरमागं डोक्याला हात लावून बसला होता. आमच्या भागात समुद्र नाही. ऑक्टोपस कुणी बघितला असणार? आलं मात्र प्रत्येकाच्या रानात. मी हसून लोळायचा बाकी होतो. मग दत्तूचा चेहरा असा काही फुलला, की मी हसायचा थांबलो. "गड्या," तो म्हणाला, "ह्यो माझा शहाणपणा गेला खड्ड्यात. लोकांनी मला चित्र शिकवलं."

तेव्हापासून त्याच्या चित्रात ऑक्टोपस कधी आला नाही. आल्याचा गड्डा आला. जमिनीखाली न दिसता चहूकडे बोटं फुटत जाणारा, वर मात्र चार हिरवी पानं दाखवणारा. आमच्या भागातला कुणीही शाळकरी पोर तो बघून ओळखायचं की पुढारी कोण. अमेरिकेतल्या मामाची उंच टोपी जाऊन कडक इस्त्रीची गांधी टोपी आली, सिगार जाऊन कानाला लावलेला मोबाईल आला, पण पोट आणि खिसा दोन्ही तसेच राहिले. हे सगळं तो बोलता बोलता, मान खाली घालून, कुंचला फडक्याला पुसत करायचा, आणि मग अचानक मान वर करून विचारायचा, "कसं हाय?" माझं मत त्याला नको असायचं. माझा चेहरा बघायचा असायचा.

आता मूळ चित्रांचं सांगतो. त्या पुस्तकाच्या शेवटी एक लेख होता, मी तो त्याला भाषांतर करून वाचून दाखवला होता. ज्या पुढाऱ्यांची टिंगल व्हायची, त्यांतले काही जण म्हणे चित्रकाराला पत्र लिहून मूळ चित्र मागवून घ्यायचे आणि आपल्या कचेरीत लावायचे. दत्तूनं तो परिच्छेद मला तीनदा वाचायला लावला. "म्हंजी ज्याचं काढलं, तोच हसला," तो म्हणाला. "मग तो खरा पास. बाकीचे हसतात त्याला काय, बाकीचे तर दुसऱ्याचं बघून हसणारच." त्या दिवसापासून त्यानं ठरवलं, की मूळ चित्र कुणाला विकायचं नाही, भेट द्यायचं नाही, प्रदर्शनात लावायचं नाही. ज्याचं काढलं त्यानं स्वतः येऊन मागितलं तरच द्यायचं. तीस वर्षं तो वाट बघत राहिला. पुढारी यायचे नाहीत असं नाही. यायचे, पण कुणी फळीवरचं चित्र काढायला सांगायला, कुणी आपलं नाक एवढं नाही असं दाखवायला, कुणी नुसते उभे राहून दत्तूच्या वडिलांचं नाव विचारायला. मागायला कुणी आलं नाही.

आणि मग माझी गोष्ट. ती सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. आमच्या भागातल्या एका साखर कारखान्याचे चेअरमन होते. इथं त्यांना अप्पासाहेब म्हणू, नाव खोटं आहे, माणूस खरा. दत्तूनं त्यांचा गड्डा काढला. त्याच्या आयुष्यातलं ते सगळ्यांत देखणं चित्र. एक बोट दूध संघात, एक शाळेत, एक पतसंस्थेत, एक पेट्रोल पंपावर, आणि सगळ्यांत बारीक करंगळी गेलेली स्मशानातल्या शेडवर, जिथं देणगीदार म्हणून त्यांचंच नाव होतं. मी चित्र बघितलं, खूप हसलो, आणि त्याची प्रत ड्रॉवरमध्ये ठेवून दिली. कारण त्याच आठवड्यात माझ्या मुक्ताची सुपारी फुटायची होती, आणि मुलगा अप्पासाहेबांचा पुतण्या होता. दत्तूला सांगताना मी लंब्याचवड्या गोष्टी केल्या. जागा नाही म्हणालो, पुढच्या अंकात बघू म्हणालो. तो शांतपणे ऐकत होता. शेवटी म्हणाला, "लगीन कवाचं?" मी तारीख सांगितली. "मग येतो की जेवायला," म्हणाला, चित्र गुंडाळलं आणि एसटीनं परत गेला.

मला वाटलं होतं, तो चिडेल, भांडेल, फळीवर माझंच चित्र लावेल. त्यानं काहीच केलं नाही. गड्डा मात्र त्यानं बाजारच्या दिवशी फळीवर लावला, अख्ख्या रहिमतपूरनं बघितला, कुणीतरी मोबाईलवर फोटो काढून सगळीकडे पाठवला. कारखान्याच्या सगळ्या पाट्या दुसऱ्या पेंटरकडे गेल्या. लग्नात अप्पासाहेब पहिल्या पंगतीला बसले होते आणि दत्तू वाढायला होता. जिलेबीचं ताट घेऊन तो त्यांच्यापुढं उभा राहिला आणि म्हणाला, "घ्या अप्पासाहेब, ह्याच्यात आलं न्हाई." अप्पासाहेबांनी जिलेबी घेतली, पण हसले नाहीत. पुढच्या आठवड्यात दत्तू नेहमीसारखा नवं चित्र घेऊन आला, नेहमीसारखा माझ्याकडे चहा प्याला, त्या विषयावर एक शब्द बोलला नाही. त्याचं तेच मला सहन होईना. एकदा मी न राहवून विचारलं, "दत्त्या, एवढ्या वर्षांत माझं चित्र कधी काढलं नाहीस?" तो म्हणाला, "तू काढण्याएवढा मोठा झाला न्हाईस अजून, संपादक." मला बरं वाटलं आणि वाईटही वाटलं. मुक्ता सुखात आहे, नातू शाळेत जातो, अप्पासाहेबांची खुर्ची गेली. पण तो गड्डा मी छापला नाही ही गोष्ट माझ्या मनातून कधी गेली नाही. त्याच्यासारख्या माणसानं आयुष्यभर ज्या एका चित्राची वाट बघितली, ते लोकांपर्यंत पोचवायचं माझं काम होतं आणि नेमकं तेव्हाच मी शेपूट घातली.

दहाव्यानंतर एकदा मी वहिनींकडे गेलो. बसलो होतो तेवढ्यात दारात गाडी थांबली आणि अप्पासाहेब उतरले. काठी टेकत, पुतण्याच्या, म्हणजे माझ्या जावयाच्या, खांद्यावर हात ठेवून. आता वय झालंय, आवाज बसलाय. वहिनींना म्हणाले, "ताई, पेंटर गेले, लय वाईट वाटलं." टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "एक विचारू का? माझं ते आल्याचं... ते मूळ चित्र हाय का तुमच्याकडं? नातवंडं सारखी मोबाईलवर दाखवतात. म्हटलं, खरं असंल तर भिंतीला लावावं. करंगळी तेवढी लय लागली बघा." आणि ते हसले. तोंडातल्या उरलेल्या दातांनी, पोट हलवत, सगळं घर हसायला लागेल असे हसले. वहिनी जागच्या उठल्या आणि आत गेल्या. 

त्या बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात खाकी लिफाफा होता. वर दत्तूच्या त्या सुरेख पाटीच्या अक्षरात अप्पासाहेबांचं नाव, आणि खाली एकच ओळ : 'मागायला आल्यास द्यावे.' अप्पासाहेबांनी तो दोन्ही हातांनी घेतला आणि कपाळाला लावला. त्यांची गाडी गेल्यावर वहिनी मला आत घेऊन गेल्या. दत्तूच्या खाटेखाली पत्र्याची मोठी पेटी होती. तिच्यात असेच लिफाफे, पुस्तकासारखे उभे लावलेले. माजी आमदार, आजी आमदार, सभापती, दोन ठेकेदार, एक प्राचार्य. प्रत्येकावर नाव आणि तीच ओळ. तीस वर्षं हा माणूस प्रत्येक चित्र परत नेऊन, माणूस नक्की येणार अशा खात्रीनं, त्याच्या नावानं ठेवत होता. मी चाळत गेलो, आणि एका लिफाफ्यावर माझं नाव वाचलं.

मी हात घातला तशी वहिनींनी पेटीचं झाकण अर्धं लावलं. "आवं भावजी, असं न्हाई. वर काय लिवलंय?"

"वहिनी, माझं आहे ते."

"मग मागा की. अप्पासायबांनी मागितलं, तुमास्नी काय झालं?"

मी खाटेच्या कडेला बसलो. पासष्ट वर्षांचा माणूस, साप्ताहिकाचा संपादक, आणि स्वतःचंच चित्र मागायची लाज. शेवटी म्हणालो, "द्या वहिनी. माझं चित्र मला द्या." वहिनींनी लिफाफा माझ्या हातात ठेवला.

आत एक लहानसं चित्र होतं, ते मी कधी बघितलं नव्हतं. चित्रात अप्पासाहेबांचं जाकीट, आणि जाकिटाच्या वरच्या खिशात मी. मी डोकावत नव्हतो, झोपलो होतो. लेखणी उशाशी घेऊन, तोंड उघडं टाकून, पांघरुणाच्या जागी लग्नपत्रिका ओढून, आणि पायाकडे आमच्या साप्ताहिकाची घडी. माझा चेहरा एवढा सुखी दाखवला होता, की मला आधी हसू फुटलं. मी मोठ्यानं हसलो, त्या घरात, दहाव्याच्या आठवड्यात. हसता हसता रडलो, पुन्हा चित्र बघून हसलो. त्यानं ते लग्नाच्या वेळी काढलं असणार. कुणाला दाखवलं नाही, फळीवर लावलं नाही. माझ्या चहाला तो इतकी वर्षं येत राहिला, तो याच लिफाफ्याशेजारी झोपून उठून. मी पास व्हायची त्याला घाई नव्हती.

वहिनी दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "हसलासा न्हवं? मग न्या." मी ते आणलं. चित्र आता कचेरीत माझ्या खुर्चीच्या बरोबर मागं लावलं आहे, त्यामुळं एखादी गोष्ट छापू नका म्हणून सांगायला येणारा माणूस आधी त्याच्याकडे बघतो आणि मग सांगायचं विसरतो. या लेखासोबत वर छापलंय ते हेच चित्र. आणि खाली, थोडं मोठं, अप्पासाहेबांच्या परवानगीनं त्यांच्या भिंतीवरून उतरवून आणून छापलाय तो गड्डा. करंगळी नीट बघा.